चोवीस तासांचा संकोच

'संकोच' हा शब्द गेली वीस वर्षे आम्ही वर्गात शिकवीत आलो आहोत. पंडिती काव्यातील नायिकेचा संकोच, स्त्री-आत्मचरित्रांतील निवेदनाचा संकोच, नवकथेतील पात्रांचा बोलता बोलता अडखळणारा संकोच. त्यात मुळातला आकुंचनाचा अर्थ कसा शिल्लक राहिला आहे, हेही प्रत्येक वर्षी न चुकता सांगतो. परंतु संकोच सॉफ्टवेअरमध्ये मिनिटांच्या हिशेबाने भरता येतो आणि तो दरमहा भाड्याने मिळतो, ही गोष्ट २०२५ च्या जानेवारीपर्यंत आमच्या गावी नव्हती.

आम्ही म्हणजे दोघे जण. एकाच महाविद्यालयाच्या मराठी विभागात शिकवतो. एक भाषाविज्ञान आणि व्याकरण, दुसरी मध्ययुगीन वाङ्मय. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, तेव्हा विभागाच्या दारावर आम्ही तोरण बांधले. त्याच तोरणाखालून त्या वर्षी एम. ए.च्या पहिल्या वर्षात नऊ विद्यार्थी आत आले. नऊ विद्यार्थ्यांसाठी वर्ग चालवावा काय, हा प्रश्न व्यवस्थापनाने अतिशय सौजन्याने विचारला. २७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरवदिनी, माजी विद्यार्थ्यांचा मेळावा घ्यावा, कोण कुठे पोहोचले आहे हे दाखवावे, म्हणजे विभागाला थोडे आयुष्य मिळेल, असा विचार त्यातून निघाला. 'नॅक'च्या मूल्यांकनात माजी विद्यार्थ्यांच्या सहभागाला स्वतंत्र रकाना आहे, त्यामुळे प्राचार्यांनीही मान डोलावली.

जुन्या हजेरीपटांवरून आणि परीक्षेच्या अर्जांवरून ४१२ नावे निघाली. पत्ते बदललेले, दूरध्वनी क्रमांक बंद. संगणकशास्त्र विभागातल्या एका विद्यार्थ्याने सुचवले की यातले बहुतेक जण लिंक्डइनवर सापडतील, आणि एकेकाला हाताने विनंती पाठवीत बसण्याची गरज नाही; त्यासाठी स्वयंचलित साधने मिळतात. आम्ही दोघांनी वर्गणी काढून एक साधन दोन महिन्यांसाठी घेतले. आमच्यापैकी एकाच्या नावाचे खाते सशुल्क केले. खाते एकाचे, निमंत्रणाखाली नावे मात्र दोघांची.

निमंत्रणाच्या टिपणाला ३०० चिन्हांची मर्यादा होती. आम्हांला वाटले, तीनशे अक्षरे पुष्कळ झाली. पण यंत्र अक्षर मोजत नाही. काना, मात्रा, हलन्त असे सगळे सुटे करून मोजते. 'ज्योत्स्ना' या शब्दात उच्चारी अक्षरे दोन, यंत्राच्या हिशेबी दहा. जोडाक्षरांच्या भाषेला मिताक्षरी राहण्याची ही वेगळीच सक्ती. आम्ही तत्सम शब्द काढून टाकले आणि निमंत्रण एकाएकी चांगल्या मराठीत आले. दुसरा घोटाळा मात्र हास्यास्पद होता. परीक्षेच्या अर्जात आडनाव आधी येते. साधनाने पहिला शब्द हेच व्यक्तिनाम समजून पहिल्या आठवड्यातल्या पंचवीस जणांना 'प्रिय पाटील', 'प्रिय जाधव' अशी हाक मारली. त्यांतल्या एकाने उलट विचारले, "सर, अजून हजेरी घेताय का?"

असो. सांगायचे आहे ते विलंबाविषयी.

१३ जानेवारीला, सोमवारी सकाळी आम्ही कळ दाबली आणि संध्याकाळपर्यंत चारशे बारा निमंत्रणे पोहोचली असतील या समजुतीत घरी गेलो. दुसऱ्या दिवशी पाहतो तो अवघी पाच गेलेली. बाकी सगळ्यांसमोर 'रांगेत' असा शिक्का. बिघाड झाला असे समजून आम्ही त्या विद्यार्थ्याला बोलावले. त्याने फार सहनशीलतेने समजावले की हा बिघाड नाही, हेच साधनाचे काम आहे. लिंक्डइनने २०२१ पासून आठवड्यात पाठवायच्या विनंत्यांवर बंधन आणले आहे, ते साधारण शंभराच्या घरात आहे. शिवाय स्वयंचलित साधने वापरू नयेत असे त्यांच्या करारात स्पष्ट लिहिलेले आहे. म्हणून साधनाला दोन कामे एकदम करावी लागतात: विनंत्या पाठवायच्या, आणि त्या यंत्राने पाठवल्या आहेत हे कळू द्यायचे नाही. त्यासाठी पहिल्या आठवड्यात रोज पाच, दुसऱ्यात दहा, तिसऱ्यात पंधरा, मग वीस, अशी चढण असते. शनिवार-रविवार सुट्टी. सकाळी दहाच्या आधी आणि संध्याकाळी सहाच्या नंतर हालचाल नाही. दोन विनंत्यांमध्ये कधी चार मिनिटे जातात तर कधी अकरा. हे अंतर मुद्दाम अनियमित ठेवलेले असते, कारण नियमित अंतर ही यंत्राची खूण. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे विनंती थेट जात नाही. आधी त्या व्यक्तीचे प्रोफाइल उघडून पाहायचे, म्हणजे अमुक जणांनी तुम्हांला पाहिले अशी सूचना तिकडे जाते, मग चोवीस तास थांबायचे, मग विनंती.

"चोवीस तास कशाला?" आम्ही विचारले.

"माणूस तसंच करतो ना, मॅडम. आधी बघतो, मग विचार करतो."

या वाक्यावर आम्ही त्या दिवशी मनापासून हसलो. आम्हांला ॲलन ट्यूरिंगचा १९५० सालचा तो प्रसिद्ध निबंध आठवला. यंत्र माणसासारखे बोलू शकेल काय, याची चर्चा करताना ट्यूरिंगने एक काल्पनिक प्रश्नोत्तरी दिली आहे. त्यात ३४९५७ आणि ७०७६४ यांची बेरीज विचारली जाते. उत्तर देणारा सुमारे तीस सेकंद थांबतो आणि १०५६२१ असे उत्तर देतो. खरी बेरीज १०५७२१ आहे. चूक हेतुपुरस्सर असावी, असेच बहुतेक जण मानतात. पण आमच्या मते त्या चुकीपेक्षाही ते तीस सेकंद अधिक विलक्षण आहेत. बेरजेला यंत्राला तीस सेकंद लागत नाहीत. ते थांबणे हा अभिनय आहे. त्याच प्रश्नोत्तरीत काव्य करण्याची सूचना येते, तेव्हा उत्तर देणारा सरळ नकार देतो. आम्हां वाङ्मयाच्या मंडळींना तेवढाच दिलासा. पंचाहत्तर वर्षांनंतर ते तीस सेकंद वाढून चोवीस तास झाले होते आणि आमच्या नावाने चालले होते.

खरे तर विलंब हा आमच्या विषयाचा प्राण. 'मेघदूता'तल्या यक्षाला एका वर्षाचा शाप आहे; आठ महिने सरल्यावर आणि चार उरलेले असताना तो मेघाला निरोप सांगू लागतो, आणि निरोपाआधी पूर्वमेघभर वाट सांगतो. थकलास तर कुठल्या शिखरावर टेक, तहान लागली तर कुठल्या नदीचे पाणी पी. निरोप लवकर पोहोचावा अशी त्याची इच्छा आहे असे त्या वर्णनावरून कुणी म्हणणार नाही. चिंतामणराव देशमुखांपासून शांता शेळक्यांपर्यंत मराठीत त्याची भाषांतरे पुन्हा पुन्हा झाली, ती निरोपापेक्षा या वाटेसाठी झाली असावीत. भरताने नायिकांचे आठ प्रकार सांगितले, त्यांतल्या कित्येकींचे वर्गीकरण केवळ वाट पाहण्याच्या तऱ्हेवर आहे: सजून वाट पाहणारी वासकसज्जा, प्रियकर कामात अडकला म्हणून तळमळणारी विरहोत्कंठिता, संकेतस्थळी जाऊन फसलेली विप्रलब्धा. लिंक्डइनजवळ या सगळ्यांसाठी मिळून एकच शब्द आहे, 'पेंडिंग'. हा विनोद आम्ही स्टाफरूममध्ये दोनतीनदा सांगितला. आता सांगत नाही.

रांग पुढे सरकत होती. हिशेब केला तेव्हा कळले की शेवटच्या माणसाला निमंत्रण २० फेब्रुवारीला मिळेल, मेळाव्याच्या आधी एक आठवडा. घाई करावी तर खाते बंद पडण्याची भीती. आम्ही रोज सकाळी साधनाचा फलक उघडून किती स्वीकारल्या गेल्या तेवढा आकडा पाहत होतो आणि तासाला जात होतो.

२२ फेब्रुवारीला, शनिवारी, मेळाव्याच्या जेवणाची संख्या ठरवायची म्हणून आम्ही प्रथमच फलक सोडून मूळ खात्यातले निरोप वाचायला बसलो. विनंती न स्वीकारताही तिला उत्तर देता येते, हे आम्हांला ठाऊक नव्हते, आणि अशी उत्तरे फलकावरच्या आकड्यात धरली जात नव्हती. त्यांत एक निरोप २९ जानेवारीच्या रात्रीचा होता. लिहिणारीची अनुमती आम्ही पुढे घेतली आहे. नाव देत नाही.

"सर, मॅडम, नमस्कार. तुम्ही काल माझं प्रोफाइल पाहिलंत ते मला काल दुपारीच दिसलं. मग रात्रभर वाट पाहिली, काही आलं नाही. आज रिक्वेस्ट आली. मधला दिवसभर तुम्ही लिहावं की नाही याचा विचार करत होतात, हे मला कळलं. माझ्या बाबतीत तुम्हांला एवढा विचार करावासा वाटला, याचं बरं वाटलं. लगेच ॲक्सेप्ट करत नाही. मलाही थोडा वेळ लागेल. २७ तारखेचं नंतर सांगते."

तिच्याविषयी थोडे सांगायला हवे. २०१७ मध्ये ती एम. ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती. रात्री एका कॉल सेंटरमध्ये काम करायची, सकाळी साडेसातच्या तासाला डोळे लाल करून येऊन बसायची, कधी येत नसे. संतकवयित्रींवरचा तिचा प्रबंध अर्धा लिहून झाला होता आणि तो चांगला होता. परीक्षेच्या अर्जाच्या वेळी तिची उपस्थिती ६८ टक्के भरली. नियम ७५ चा. तूट माफ करावी अशी शिफारस विभागाने करायची असते. त्या कागदावर आम्हां दोघांच्या सह्या लागत होत्या आणि आम्ही त्या केल्या नाहीत. नियम आहे, असे म्हटले. तिने वाद घातला नाही. ती पुन्हा आली नाही.

आता २९ जानेवारीचा तो निरोप वाचताना प्रथम काय वाटले असेल, तर अगदी प्रामाणिकपणे सांगायचे तर सुटका. तिने आम्हांला क्षमा केली होती, आणि तीही आम्ही न मागता. ती क्षमा ज्याच्यावर उभी होती ते चोवीस तास आमचे नव्हते, हे ध्यानात यायला पाचदहा मिनिटे लागली. २८ जानेवारीला दुपारी तिचे प्रोफाइल उघडले गेले तेव्हा आमच्यापैकी एक जण उत्तरपत्रिका तपासत होता आणि दुसरी छंदःशास्त्राच्या तासावर होती. तिचे नाव रांगेत आहे हेही आम्हांला आठवत नव्हते. हजेरीपटावरून नावे उतरवताना ते आमच्याच हातून लिहिले गेले होते, तरीसुद्धा.

आणि पुढे याहून वाईट होते. विनंती शोधू लागलो तर ती यादीत कुठेच नाही. त्या विद्यार्थ्याला फोन केला. तो म्हणाला, चौदा दिवसांत स्वीकारली गेली नाही तर साधन विनंती आपोआप मागे घेते. उत्तर न आलेल्या विनंत्या फार साचल्या की खात्यावर संशय येतो, म्हणून ही स्वच्छता. म्हणजे १२ फेब्रुवारीला आमची विनंती मागे घेतली गेली होती. अशी मागे घेतल्याची सूचना समोरच्याला मिळत नाही. विनंती फक्त नाहीशी होते. पण जिने थोडा वेळ मागितला होता, ती मधूनमधून ते पान उघडून पाहत नसेल हे कशावरून? तिने वेळ मागितला आणि आम्ही हात काढून घेतला. आठ वर्षांत दुसऱ्यांदा.

ताबडतोब पुन्हा पाठवू म्हटले तर तेही अशक्य. एकदा मागे घेतलेली विनंती त्याच व्यक्तीला तीन आठवडे पुन्हा पाठवता येत नाही. ५ मार्चपर्यंत दार बंद. हा विलंब मात्र खरा होता, कोणीही रचलेला नव्हता, आणि त्याचा आम्हांला विलक्षण राग आला.

निरोपाला निरोपाने उत्तर देण्याची वाट मोकळी होती. काय लिहावे यावर आम्हां दोघांत तो शनिवार आणि रविवारची सकाळ गेली. भाषाविज्ञान शिकवणाऱ्याचे म्हणणे असे की सांगू नये. अर्थ वाचणाऱ्याच्या ठायी सिद्ध होतो, हे आपणच शिकवतो. तिने चोवीस तासांचा जो अर्थ लावला तो तिच्यासाठी खरा आहे, तिला त्याची गरज होती, आपण तो हिरावून घेणारे कोण? शिवाय संकोच आपल्याला वाटला नाही असे तरी कुठे आहे? आज वाटतो आहे. चोवीस तास उशिरा नव्हे, पंचवीस दिवस उशिरा. मध्ययुगीन वाङ्मय शिकवणारी म्हणाली, हा सगळा युक्तिवाद अगदी बरोबर आहे आणि म्हणूनच तो आपल्या सोयीचा आहे. वाचकाने लेखकाच्या मौनाचा अर्थ लावावा; पण इथे मौनच लेखकाचे नव्हते. ते विकत घेतलेले होते. आपण तिला खोटी सही दाखवून खरी क्षमा घेतो आहोत.

'सही' हा शब्द तिच्या तोंडून सहज निघाला होता. त्यानंतर आम्ही वाद घातला नाही.

एक गोष्ट इथे नमूद केलीच पाहिजे. सात टक्क्यांसाठी नियमाचे नाव पुढे करणारे आम्ही, २०२५ मध्ये चक्क करारात निषिद्ध असलेले साधन वापरीत होतो, आणि त्याबद्दल आम्हांला एक क्षणही बोचणी लागली नव्हती. विभाग वाचवायचा होता ना. नियम मोडायला आपल्याजवळ नेहमी चांगले कारण असते, दुसऱ्याजवळ नसते.

२३ तारखेला दुपारी आम्ही लिहिले. साधन कसे चालते ते थोडक्यात सांगितले. प्रोफाइल आम्ही पाहिले नव्हते, चोवीस तास आम्ही थांबलो नव्हतो, विनंती आम्ही मागे घेतली नव्हती. यांतले काहीच आम्ही केले नव्हते आणि हीच आमची चूक आहे, असे लिहिले. २७ ला यावे असे लिहिले नाही. ते लिहिण्याचा अधिकार उरला आहे असे वाटले नाही.

मेळावा झाला. तेवीस जण आले. एक जण विधानभवनात अनुवादक, एक आकाशवाणीवर नैमित्तिक निवेदक, तीन शाळाशिक्षिका, एकाची रोपवाटिका. छायाचित्रे चांगली आली, ती अहवालात लागली. व्यवस्थापनाने वर्ग आणखी एक वर्ष चालवायचे ठरवले. रोपवाटिकावाल्याने विभागासमोर लावायला बकुळीची दोन रोपे दिली; त्यांतले एक जगले.

तिचे उत्तर २ मार्चला आले. ते सात दिवस आम्ही कसे काढले हे सांगण्यात अर्थ नाही. आमच्यापैकी एक जण तास चालू असताना मोबाइल पाहताना विद्यार्थ्यांना दिसला, एवढे पुरे. तिने लिहिले होते:

"मशीनचं कळलं. माझ्या ऑफिसातही तेच वापरतात, मला आधीच समजायला हवं होतं. राग नाही आला. पण मग तेव्हा सही का केली नाहीत, ते आता तुम्ही स्वतः लिहा. घाई नाही."

त्या पत्राचे आम्ही दोघांनी स्वतंत्र मसुदे केले, मग ते समोरासमोर ठेवले. दोन्हींत पहिल्या परिच्छेदात 'नियम' हा शब्द होता. तो दोघांनीही खोडला. त्या वर्षी आम्ही दुसऱ्या एका विद्यार्थ्याच्या शिफारशीवर सही केली होती. त्याची उपस्थिती ६१ टक्के होती. तो एकांकिका स्पर्धांत महाविद्यालयाला बक्षिसे आणून देत असे, प्राचार्य त्याला नावाने ओळखत, आणि त्याची शिफारस आम्हांला कुणी विचारणार नाही याची खात्री होती. तिची विचारली गेली असती. ही गोष्ट आम्ही आठ वर्षांत एकमेकांशी कधी बोललो नव्हतो. दोघांच्याही मसुद्यात ती शेवटून दुसऱ्या परिच्छेदात आली होती. अंतिम पत्रात ती पहिल्या ओळीत घेतली. १६ मार्चच्या रात्री, अकरा वाजून गेल्यावर, कोणत्याही रांगेत न लावता पाठवले. विनंती पुन्हा पाठवण्याची मुदत केव्हाच उलटून गेली होती, पण ती आम्ही पाठवलेली नाही. पाठवायची तर तिने पाठवावी.